काडेपेटीतला मळ

अकोल्याहून शबानाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या आमच्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. "अब्बा गेले," ती म्हणाली. "तुमचा चाकू इथंच हाये."

तिचे अब्बा म्हणजे रहीमचाचा. कात्र्या, अडकित्त्यांना धार लावण्याचं त्यांचं दुकान. पण शिकारीचे जुने घडीचे चाकू ओळखावेत ते त्यांनीच. चाकू कानाशी धरून उघडायचे, मिटायचे, स्प्रिंगचा आवाज ऐकायचे. मग मुठीच्या पिना हातानं ठोकलेल्या की मशीनच्या, आतल्या पितळी पट्टीवर कानशीचे ओरखडे आहेत का, ते बघायचे. शेवटी भिंगातून पात्याच्या बुडाशी कोरलेलं कारखान्याचं नाव. कुठलं नाव कोणत्या काळातलं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मी नेलेल्या चाकूला सांबरशिंगाची मूठ होती. मी दीड वर्षाचा असताना बाबा गेले. आई म्हणायची, हा त्यांचा. त्यांची दुसरी एकही वस्तू घरात नव्हती. काका मात्र म्हणायचे, तुझे बाबा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तो नवा कोरा आणला. आता आई नाही, काकाही नाहीत. चाचांनी भिंग लावलं. पात्याच्या बुडाशी काहीच नव्हतं.

"कोनं घासला?"

"आईनं. दर खंडेनवमीला, पूजेआधी, चिंच आणि राख लावून. तिच्यामागं मी."

"काहून पन? आता याले मी काय इचारू, भाऊ? तुमी वाचनालयातले पुस्तकंबी घासून ठेवता का?"

चाकू त्यांनी ठेवून घेतला. मी अधूनमधून जायचो; ते चहा मागवायचे आणि दुसऱ्याच चाकूंबद्दल बोलायचे. एकदा एक गृहस्थ पणजोबांचा म्हणून चाकू घेऊन आले. "तुमच्या पोरापेक्षा लहान हाये हा," चाचा म्हणाले, आणि त्या गृहस्थांचा उतरलेला चेहरा पाहून फुकट धार लावून दिली. माझ्याही चाकूचं असंच निघालं असेल, म्हणून चाचा टाळत असावेत, असं मला वाटू लागलं... विचारायचा धीर मात्र झाला नाही.

फोननंतर तीन आठवड्यांनी गेलो. शबानानं रुमालात बांधलेला चाकू दिला आणि एक काडेपेटी. रुमालात चिठ्ठी होती, चाचांच्या तिरक्या अक्षरात: 'पिना हाताच्या. पट्टीवर कानस. चाकू भाऊच्या जन्माआधीचा. नक्की.' काडेपेटीत मुठीच्या खाचेतला मळ होता. आईची राख तिथवर पोचली नव्हती. तो मी चाचांच्याच भिंगाखाली धरला. वाळलेला चीक, आणि त्यात केळीच्या खोडाचा बारीक धागा. आमच्या गावी, शेंदूरजनाघाटला, संत्र्याची कलमं पूर्वी याच धाग्यानं बांधत. बाबांचं तेच काम होतं. काकांनी जन्मभर कापड विकलं.

"रोज सुईनं कोरून राह्यले होते," शबाना म्हणाली. "म्या म्हटलं, अब्बा, फेका ना तो कचरा. तर म्हने, राहू दे, त्याच्या बापाचा असन."

यंदा खंडेनवमीला चाकू पाटावर मांडला. घासला नाही. शेजारी काडेपेटी ठेवली. हळदकुंकू वाहून झाल्यावर तो कानाशी धरला, उघडला, मिटला... त्या आवाजात नेमकं काय ऐकायचं असतं, ते चाचांना विचारायचं राहूनच गेलं.