तीन पायांचा बैल

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मला खड्ड्यात एक खापर सापडलं, आणि तेव्हापासून मला बाईंचा संशय यायला लागला.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती आणि माझी सातवीची परीक्षा नुकतीच संपली होती. नाशिकमध्ये तेव्हा एका जुन्या सरकारी बंगल्यात छोटंसं वस्तुसंग्रहालय होतं. आता ते तिथं नाही. मे महिन्यात तिथं मुलांसाठी दहा दिवसांचं इतिहासाचं शिबिर असायचं, सकाळी आठ ते बारा. बोरूनं मोडी अक्षरं गिरवायची, जात्यावर नागली दळायची, आणि मागच्या अंगणात दोरीनं आखलेल्या खड्ड्यात खुरपी आणि ब्रश घेऊन उत्खनन करायचं. मी घरात बसून धाकट्या भावाशी भांडू नये म्हणून आईनं माझं नाव घातलं होतं. नाशिकरोडहून सिटी बसनं मी एकटी यायचे, आणि इतिहासापेक्षा त्याच गोष्टीचा मला जास्त अभिमान होता.

शिबिर घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. अंगावर सुती साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. तरुणपणी बरीच वर्षं उत्खननांवर काम केलं आहे, असं त्या सांगायच्या. त्या कुणावर ओरडायच्या नाहीत. आमच्या शाळेत सगळ्याच बाई ओरडायच्या, त्यामुळे न ओरडणारी बाई बघितली की मला वाटायचं, हिचं काहीतरी वेगळंच चाललंय.

खापर हाताच्या पंजाएवढं होतं. सगळी मुलं भोवती जमली, बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी ते ब्रशनं साफ करत होते तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. अंगणातली माती काळी होती, आणि खापराच्या खाचेत अडकलेली माती तांबडी. शिवाय खापराच्या पाठीवर शाईनं लिहिलेला आकडा होता, कुणीतरी पुसायचा प्रयत्न केलेला. जुन्या काळातली माणसं शाईनं इंग्रजी आकडे लिहीत नसणार, एवढं मला कळत होतं. 

संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये तपासनीस होते. छापून आलेले टपाल तिकिटांचे कागद उजेडाकडे धरायचे आणि चूक शोधायची, हे त्यांचं दिवसभराचं काम. घरीसुद्धा दूध, भाजी, लग्नपत्रिका, काहीही हातात आलं की ते आधी उलटं करून बघायचे.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "खुणेवरून नुसती शंका येते. डोळ्यांनी बघितलंस की मग बोल."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या आधीची बस पकडली. फाटक उघडंच होतं. मी कण्हेरीच्या झुडपामागं उभी राहिले. बाई खड्ड्यात उकिडव्या बसल्या होत्या. शेजारी पत्र्याचा ट्रे. ट्रेमधलं एकेक खापर उचलून त्या मातीत ठेवत होत्या, वरून माती सारखी करत होत्या, मग झारीनं थोडं पाणी मारून हातानं थापटत होत्या.  चोर पकडल्यावर पोलिसाला काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं.

सव्वाआठला सगळे जमल्यावर मी उभी राहिले.

"बाई, खापरं तुम्हीच पुरता. मी बघितलंय."

वीसही मुलांच्या माना बाईंकडे वळल्या. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"हो, मीच पुरते," त्या म्हणाल्या. "एका विहिरीचं काम चाललं होतं तिथं ती निघाली. कुठं, किती खोलीवर, काहीच कुणी लिहून ठेवलं नाही, पाठीवरचा आकडा नुसता मोजणीचा. त्यामुळे अभ्यासाला त्यांचा उपयोग नाही. खापरं जुनीच आहेत, खड्डा तेवढा खोटा आहे."

"मग आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

"कुणीतरी विचारेल म्हणून थांबले होते. चार वर्षांत तू पहिली."

मुलं माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. मला मात्र हे उत्तर फार गुळगुळीत वाटलं. पकडलं गेल्यावर माणूस गोड बोलतो, कौतुक करतो, असं माझं मत झालं. ज्यांनी खड्डा खोटा केला, त्या बाकीचं खरं कशावरून सांगतील? मोडी अक्षरं, जातं, कपाटातल्या मूर्ती, सगळ्याच वस्तूंकडे मी वाकड्या नजरेनं बघायला लागले.

पाचव्या दिवशी एक कुंभार आले. त्यांनी आमच्याकडून मातीचे छोटे बैल करून घेतले आणि ते झाडाखाली सुकायला ठेवले. ते म्हणाले, "आता याला पाण्यात टाकलं तर चिखल होईल. भट्टीतून निघाला की पाणी त्याचं काही करू शकत नाही." मी हे नीट लक्षात ठेवलं.

सहाव्या दिवशी बाईंनी एक लाकडी ट्रे आणला. त्यात वाळू पसरलेली आणि वाळूवर पाच वस्तू. या खऱ्या आहेत, साहेबांच्या खास परवानगीनं बाहेर काढल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. साहेब म्हणजे संग्रहालयाचे अधिकारी. ते दिवसभर आतल्या खोलीत बसायचे आणि आमचा आवाज वाढला की दार लावून घ्यायचे. आम्ही जमिनीवर मांडी घालून बसलो आणि वस्तू हातोहात फिरल्या. त्यात एक मातीचा बैल होता, मुठीत मावेल एवढा.

"दोन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या मुलाचं खेळणं असेल," बाई म्हणाल्या.

मी तो हातात घेतला. तो थेट झाडाखालच्या बैलांसारखा होता. तेच वशिंड, तीच चिमटीत दाबलेली शिंगं. एकाच आठवड्यात कुंभाराचे बैल आणि हा बैल? हाही खोटाच, अशी माझी खात्री पटली.

मधल्या सुट्टीत सगळे सरबताला पळाले. सरबत करायच्या मावशी. लासलगावकडच्या, उंच, नेहमी हिरवं लुगडं नेसलेल्या. कुलपं उघडणं, काचा पुसणं, झाडणं, आमचे पेले धुणं, सगळं त्याच करायच्या. त्या दिवशी ट्रे व्हरांड्यातल्या टेबलावर होता आणि त्यावर नजर ठेवायला त्यांनाच सांगितलं होतं. पण सरबतही त्यांनीच द्यायचं होतं. त्या आत गेल्या तशी मी बैल उचलला आणि नळाखालच्या बादलीत बुडवला.

एक, दोन, तीन असे मनात आकडे मोजले. चिखल झाला नाही. मी थोडी निराश झाले. पन्नासपर्यंत मोजून बाहेर काढला तर बैलाचा मागचा डावा पाय माझ्या बोटांत राहिला आणि बाकीचा बैल तळहातावर आडवा झाला.

मी फ्रॉकला बैल पुसला, पळत जाऊन वाळूत ठेवला, पोटापर्यंत वाळू सारली. पाय परत ठेवायला गेले तेवढ्यात मावशींच्या बांगड्या वाजल्या. पाय मी कंपासपेटीत टाकला आणि कर्कटकाशेजारी दाबून झाकण लावलं.

सुट्टीनंतर बाईंनी बैल उचलला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या काही बोलायच्या आत साहेब तिथं येऊन उभे राहिले होते. त्यांनी ट्रेकडे बघितलं, मग मुलांकडे न बघता थेट मावशींकडे.

"टेबलाजवळ कोण होतं?"

"मीच व्हते साहेब. पन मी हात नाय लावला."

"पाय कुठाय? पिशवी आण तुझी."

मावशींनी कोपऱ्यातली पिशवी आणली. साहेब म्हणाले, रिकामी कर. बाई मध्ये पडल्या, "अहो, काय करताय," पण साहेबांनी हात वर केला. मावशींनी एकेक वस्तू टेबलावर ठेवली. फडक्यात बांधलेली भाकरी, कांदा, फणी, गोळ्यांची अर्धी पट्टी, घडी घातलेलं कसलं तरी प्रमाणपत्र. शेवटी त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. थोडा कचरा पडला, तो त्यांनीच पदरानं पुसून घेतला. मी दोन हातांच्या अंतरावर होते. कंपासपेटी माझ्या मांडीवर होती. तोंड उघडायचं एवढंच काम होतं, ते मी केलं नाही.

बसमध्ये मी स्वतःला समजावत आले, की मावशींच्या पिशवीत काही सापडलं नाही म्हणजे त्या सुटल्याच. तरी घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

बाबा कामावरून आल्यावर पायांवर पाणी घेत होते तेव्हा मी विचारलं, "प्रेसमधून निघताना तुमची रोज झडती घेतात ना? कसं वाटतं?"

"सवय होते."

"राग नाही येत?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "रांगेत माझ्या मागं आमचा साहेब असतो, त्याचीही घेतात. सगळ्यांची घेतात म्हणून चालतं. माझ्या एकट्याची घेतली असती तर दुसऱ्या दिवशी पाऊल टाकलं नसतं तिथं." मग ते माझ्याकडे बघत राहिले, कागद उजेडाला धरावा तसे. "का गं?"

मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "डोळ्यांनी बघ म्हटलं होतं. पाण्यात घाल कुणी सांगितलं?" आणि आत निघून गेले. 

सकाळी मी बाईंच्या टेबलावर कंपासपेटी उघडून ठेवली. बाईंनी पाय चिमट्यानं उचलला, भिंग घेऊन बघितला.

"पाण्यात घातलास?"

"हो. खोटा असेल असं वाटलं."

"हा पाय चिकटवलेला होता. पाण्यात सुटणारा डिंक मुद्दाम वापरतो आम्ही, पुढंमागं काढावा लागला तर वस्तू खराब होऊ नये म्हणून." त्यांनी कपाटातून एक जाड कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं. बैलाचं कार्ड. माप, रंग, कुठल्या थरात मिळाला. सगळ्यात खाली त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती: मागचा डावा पाय खोदताना कुदळ लागून तुटला. चूक माझी. खाली सही.

मी ती ओळ दोनदा वाचली. माझ्यासाठी काल रात्री लिहिली नसेल ना, असं तेव्हासुद्धा मनात आलंच. पण शाई फिकी पडली होती आणि सहीतलं आडनाव वेगळं होतं, बहुतेक लग्नाआधीचं.

"आता तुझं लिही," बाई म्हणाल्या. "सबबी नकोत. काय केलंस आणि काय झालं."

 मी लिहिलं: खरा आहे का बघण्यासाठी पाण्यात बुडवला. पाय सुटला. लपवला. शेवटचा शब्द लिहायला मला फार वेळ लागला. बाई तोवर खिडकीबाहेर बघत थांबल्या.

मग त्या मला साहेबांकडे घेऊन गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं आणि बाईंनाच म्हणाले, "मी आधीच सांगत होतो, मुलांच्या हातात वस्तू देऊ नका." त्या दिवसापासून ट्रे बंद झाला. उरलेले तीन दिवस आम्ही वस्तू काचेतूनच बघितल्या. मुलांना कारण कळलं होतं. मी शेजारी बसले की ती आपापले मातीचे बैल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायची. एका मुलीनं तर तिचा पेन्सिलींचा डबासुद्धा मांडीवर घेतला. 

मावशींची माफी मागायला मी मागच्या पडवीत गेले तेव्हा त्या पेले विसळत होत्या.

"मला ठावं व्हतं," माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या. "तुझा फराक पुढून वला व्हता. कंपासपेटीवरचा हात काय निघंना."

"मग तुम्ही का नाही सांगितलं?"

"सांगून? माझं खरं कोन माननार व्हतं? लेकराचं नाव घेते म्हनून आजून बोलले असते." त्यांनी पेला उपडा घातला. "आन म्हनलं बघू, पोर सांगती का नाय."

"सांगितलं मी."

"सांगितलं. पन येक दिस उशिरा."

त्या रागावून बोलल्या नाहीत, पण 'जाऊ दे' असंही म्हणाल्या नाहीत.  मग त्यांनी मला ओला पेला दिला आणि फडकं दाखवलं. मी पेले पुसायला लागले.

पुढच्या मे महिन्यात शिबिर झालं ते चित्रकलेचं आणि गोष्टींचं. बाई त्यात नव्हत्या. त्यांनी ते काम सोडलं असं कळलं. ट्रे बंद झाला म्हणून सोडलं, की आणखी काही कारण होतं, मला कधीच कळलं नाही आणि विचारायला त्या कधी भेटल्या नाहीत.

मावशी मात्र भेटल्या. मी कॉलेजात होते, म्हणजे दोन हजार सालानंतरची गोष्ट. सीबीएसच्या बसस्थानकावर त्या लासलगावच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. नोकरी संपली होती, केस पांढरे झाले होते. मला त्यांनीच आधी ओळखलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग बरीच वर्षं मनात असलेलं मी विचारलं.

"मावशी, त्या दिवशी साहेबांना खरं कळल्यावर ते तुम्हाला काही म्हणाले का?"

"म्हनले ना."

"काय?"

"म्हनले, चहा आन."

गाडी लागली तशा त्या उठल्या आणि गर्दीत कोपरं मारत चढल्या. खिडकीची जागा मिळाली त्यांना. मी खाली उभी होते, त्या बाहेर बघतील म्हणून. त्या शेजारच्या बाईला सरकून बसायला सांगत होत्या.