बाल्कनीतल्या गाठी

खोली बुक करताना मी फोनवर म्हटलं, "बाल्कनी हवी. ऊन येणारी."

पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, समुद्र दिसणारी देऊ का?"

समुद्र! आईने तो कधी मागितलाच नाही. दर मे महिन्यात आम्ही याच रिसॉर्टवर यायचो, आणि आल्याआल्या ती बॅगेतून घरची नायलॉनची दोरी काढून बाल्कनीच्या कठड्याला बांधायची. आमचे खारट, ओले कपडे आधी वाळले पाहिजेत. समुद्र काय, कुठे पळून जात नाही, असं तिचं म्हणणं. निघताना गाठ सुटायची नाही. बाबा वैतागून दोरी कापायचे. गाठ तिथेच राहायची.

आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच इथे आले. कठड्यावर हात फिरवला तर गाठीच गाठी. निळ्या, पिवळ्या, उन्हाने विटलेल्या. किती आयांनी इथे दोऱ्या बांधल्या असतील! माणसं निघून गेली आणि गाठी रिकाम्या कठड्याला धरून बसल्या आहेत. त्यातली आईची कुठली, ते मला ओळखता येईना.

तेवढ्यात लेकीने आतून विचारलं, "ओले कपडे कुठे टाकू गं?"

 आई काय सांगते, याची मी सवयीने वाट पाहत राहिले.