उंबऱ्याचं वाक्य

शाळा असो, दवाखाना असो की झाडं लावणं, संस्थांना माझ्याकडून एकच गोष्ट लिहून हवी असते: आधी अंधार, मग संस्था, मग उजेड. सयाजीगंजातल्या एका संस्थेच्या फॉर्ममध्ये तर शेवटी एक चौकट असते, ‘लाभार्थीचे मनोगत, तिच्याच शब्दांत’. गेल्या वर्षी बायका बोलायला लाजल्या, म्हणून मीच एक वाक्य बनवून त्या चौकटीत घातलं: ‘पूर्वी मी उंबराही ओलांडत नव्हते, आता सारा गाव माझं अंगण आहे.’ संस्थेचे साहेब खूश झाले. वाक्य गुजरातीत पोस्टरवर गेलं.

परवा त्याच संस्थेसाठी डभोईजवळच्या एका गावात गेले. साहेबांनी निवडलेली बाई आरोग्य केंद्राच्या ओट्यावर वाट बघत होती. मी वही उघडून म्हटलं, ‘बेन, तुमच्या मनातलं सांगा.’

तिने पदर सारखा केला आणि माझंच वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं.

मी भडकले. ‘हे नको. तुमचं स्वतःचं बोला.’

ती गोंधळली. ‘बेन, उंबरा तर मी रोजच ओलांडते. नाहीतर शेतावर कोण जाणार? पण साहेबांनी हेच पाठ करायला सांगितलंय.’ मग घाबरून तिने विचारलं, ‘काही चुकलं का? परत म्हणू?’

अहवाल दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता, आणि चौकट रिकामी ठेवलेली चालत नाही.

‘म्हणा,’ मी म्हटलं, ‘जरा हळू. मला लिहून घ्यायचंय.’