लोवेलचे कालवे आणि आमचे पाहुणे

पाहुणे परत जातात, पण त्यांचं बरंच काही आपल्याकडे राहतं. बाथरूममध्ये विसरलेला पंचा, फ्रीजच्या कोपऱ्यात मेतकुटाची पुडी, आणि किस्से! पंचा धुऊन ठेवता येतो, मेतकूट संपतं. किस्से मात्र साचत जातात, आणि चार मराठी माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "अगं, तो बोटीतला सांग ना!"

त्यातून आम्ही राहायचो लोवेलला. बॉस्टनपासून तासाभराच्या आत. ऐंशीच्या दशकात तिथे कॉम्प्युटर कंपन्यांत कामं निघाली आणि आम्ही तीन मराठी घरं येऊन पडलो. मी आणि माझा नवरा श्रीकांत, पुण्याचे मोहन आणि शैला करमरकर, नागपूरचे अविनाश आणि सुनीता वैद्य. शिवाय युनिव्हर्सिटीत एम. एस. करणारा अकोल्याचा मिलिंद. तो तिन्ही घरी आळीपाळीने जेवायचा.

गाव म्हणजे लाल विटांच्या अवाढव्य गिरण्या, त्यांचे घड्याळाचे मनोरे, आणि त्यांच्यामधून जाणारे दगडी काठांचे कालवे. गिरण्या केव्हाच्या बंद. मग सरकारने अख्ख्या गावालाच म्युझियम करून टाकलं, कालव्यांत टुरिस्टांसाठी बोटी सोडल्या. मोहन म्हणायचा, "अमेरिकेचं व्हेनिस आहे हे!" शैला म्हणायची, "हो, व्हेनिस बंद पडलं तर असंच दिसेल."

भारतातून कुणीही आलं की नायगाराच्या आधी कालवे. आमच्या टोळक्याचं नावच आम्ही 'कालवा कमिटी' ठेवलं होतं. पाण्याचाही कालवा आणि आमचाही कालवा! पण खरं सांगू का, यातले बरेच किस्से सांगताना आम्ही हसतो, आणि हसून झालं की कुणीतरी चहा टाकायला उठतं.

*

पहिला मान माझ्या मावशीचा. सांगलीकडची, घरचा ऊस. बोटीत बसवली. दोन्हीकडे पाच-पाच मजली गिरण्या, शेकडो खिडक्या. म्हटलं, आता थक्क होणार. तिने मान वर केलीच नाही. ती पाण्याकडे बघत होती.

"हे कुणाच्या रानाला जातं गं?"

"कुणाच्याच नाही, मावशी. पूर्वी याच्यावर गिरण्या चालायच्या."

"आणि आता?"

"आता बोटी."

"मग पुढं कुठं जातं?"

मी समजावून सांगितलं. वरच्या अंगाला नदीतून निघतं, गावभर फिरतं आणि खाली पुन्हा त्याच नदीला मिळतं.

मावशीने जरा विचार केला. "म्हणजे घर सोडून निघालं, गावभर हिंडलं, कुणाच्या उपयोगी पडलं नाही, आणि शेवटी आपलं घरी गेलं!"

मोहन पुढच्या बाकावर होता. मागे न वळता म्हणाला, "निदान घरी गेलं तरी, मावशी!"

मावशी एकटीच हसत होती.

*

मोहनचे भाऊकाका म्हणजे पुण्याचे रिटायर्ड आर्किटेक्ट. तरुणपणी सरकारी कामासाठी इटलीला जाऊन आलेले. त्यामुळे लोवेलमध्ये त्यांना काही पसंत पडेना.

टाउन हॉलचा मनोरा दाखवला. "दगड बरा आहे. पण व्हेनिसला..." दगडी पूल दाखवला. "कमान बसकी आहे. व्हेनिसला..." पिझ्झा खायला नेलं, तिथेही व्हेनिस! मिलिंद टेबलाखाली बोटांवर मोजत होता. थोड्या वेळाने त्याने नाद सोडला.

संध्याकाळच्या बोटीत गर्दी नव्हती. एका ठिकाणी कालव्याची पातळी बदलते. बोट एका अरुंद दगडी कोंडीत घेतात, मागचा दरवाजा बंद करतात, पाणी आत सोडतात आणि बोट हळूहळू वर चढते. तेवढा वेळ दोन्ही बाजूंना फक्त ओल्या भिंती. विहिरीत बसल्यासारखं वाटतं. शांतता नको म्हणून शैलाने विचारलं, "काका, काकूंना आवडलं होतं का व्हेनिस?"

काकू आदल्याच वर्षी वारल्या होत्या.

"तिला नव्हतं नेलं."

"अय्या, का?"

"नेता आलं असतं. मीच म्हटलं, तिला त्या चित्रांतलं आणि कमानींतलं काय कळणार!"

पाणी चढत होतं. भाऊकाका भिंतीकडे बघत म्हणाले, "आणि मग परत येऊन जन्मभर तिलाच सांगत बसलो. व्हेनिसला असं होतं, व्हेनिसला तसं होतं."

बोट वर आली, पुढचा दरवाजा उघडला, ऊन लागलं. त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत त्यांच्या तोंडून 'व्हेनिस' आलं नाही. शेवटी मोहनलाच राहवेना. एअरपोर्टवर त्याने मुद्दाम छेडलं, "काका, व्हेनिसचा एअरपोर्ट कसा होता हो?"

"आठवत नाही," भाऊकाका म्हणाले.

*

मोहनची आई आली तेव्हा मात्र पाऊस. बोट कॅन्सल झाली. मग आम्ही त्यांना गावातल्या आर्ट म्युझियममध्ये नेलं. एका मोठ्या चित्रकाराचा जन्म ज्या घरात झाला तेच घर. त्याने काढलेलं स्वतःच्या आईचं चित्र जगप्रसिद्ध आहे. काळ्या कपड्यातली म्हातारी, खुर्चीत एका बाजूला तोंड करून बसलेली. तिथे त्याची नक्कल लावलेली होती.

मोहन रंगात आला. "आई, काय फेमस चित्र आहे हे! ओरिजिनल पॅरिसला आहे."

"मुलगा इथला आणि आई पॅरिसला?"

"अगं, मुलगाही तिकडेच गेला. युरोपात. पुन्हा परत आलाच नाही."

"आणि हिने काय केलं?"

"ही पण गेली ना शेवटी. त्याच्याकडेच राहायला."

आई चष्मा पुसून पुन्हा चित्रासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "तरीच!"

"तरीच काय?"

"तरीच अशी बसली आहे. पाहुण्यासारखी."

आईंना कायमचं इथेच ठेवून घ्यायचं मोहनच्या मनात होतं. त्यांच्या ग्रीन कार्डाचा विषय तो त्या दिवशी जेवताना काढणार होता. जेवताना त्याने फक्त आमटी मागितली.

*

सुनीताचे वडील नागपूरहून आले होते. शाळेत हेडमास्तर होते, बोलायची भारी हौस. नात ऋचा सहा वर्षांची, पण तिला मराठी कळायचं तेवढं, बोलायची इंग्रजीच. आजोबा गोष्ट सांगायला बसले की ही टीव्हीसमोर. सुनीता ऑफिसला गेली की घरात दोघंच, आणि दोघंही गप्प.

मग आजोबा तिला घेऊन कालव्यावर जायला लागले. एका संध्याकाळी ऋचा धावत घरात आली.

"मॉम! आजोबा टॉक्स टु द डक्स! इन मराठी!"

"मग? ऐकतात का बदकं?"

"दे ऑल कम, मॉम! एव्हरी वन!"

आजोबा दारातच चप्पल काढत होते. म्हणाले, "येतात बिचारी. त्यांना कोणी सांगितलं नाही अजून, की इंग्रजीत बोलायचं असते म्हणून."

*

याच आजोबांच्या मुक्कामातला दुसरा. हा बदकांच्या किश्शापेक्षा जड आहे.

अविनाशने सासऱ्यांसाठी शुक्रवारी दुपारची सुट्टी काढली होती. कालवा कमिटीतला सगळ्यात चांगला गाइड तोच. मी आणि सुनीताही बरोबर होतो. अविनाश दुपारी आला तो टाय लावूनच. सुनीता म्हणाली, "अरे, टाय तरी काढ!" तो म्हणाला, "राहू दे."

त्या दिवशी तो फार सुंदर बोलला. कुठल्या गावांतून मुली कामाला यायच्या, पहाटे घंटा कशी व्हायची, मग कपड्याचा धंदा दक्षिणेकडे कसा गेला, एकेक गिरणी कशी बंद पडली. बोटीतले दोन अमेरिकनसुद्धा कान देऊन बसले, भाषा कळत नसूनही!

सासऱ्यांनी विचारलं, "काढून टाकायच्या आधी माणसाला काही सांगत होते की नाही?"

"नाही हो बाबा. नेहमीसारखं सकाळी जायचं. कॉफी घ्यायची. मग आत बोलावतात. दहा मिनिटं. एक खोका देतात, त्यात आपलं सामान भरायचं. एक जण दारापर्यंत सोडायला येतो. तो आपल्याकडे बघत नाही."

सासरे खूश झाले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा जावईबापू! तुम्ही तर असं सांगून राहिले, जसे तुम्हीच तिथं होते!"

सुनीताने अविनाशकडे बघितलं. मग त्याच्या टायकडे. तिने त्याचा हात धरला आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत सोडला नाही. सासऱ्यांना वाटलं, पोरगी सुखात आहे. नागपूरला जाऊन त्यांनी तसंच सगळ्यांना सांगितलं.

*

आणि आता नानांचा.

नाना म्हणजे श्रीकांतचे वडील. मुंबईत परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. साचा म्हणजे माग. श्रीकांत इंजिनिअर झाला तो त्या साच्यावर. मग संप झाला आणि नानांची गिरणी पुन्हा उघडली नाही. तेव्हापासून त्यांनी गिरणीचं नाव काढलं नव्हतं. कुणी काढलं तर उठून जायचे.

आम्ही त्यांना बोलावून घेतलं तेव्हा श्रीकांतने कमिटीला बजावलं, "नानांना कालवे दाखवायचे नाहीत. विषयसुद्धा नको." मग आम्ही त्यांना समुद्र दाखवला, मॉल दाखवला, नायगारा करून आलो. पण लोवेलमध्ये कुठूनही कुठेही जा, मध्ये गिरणी येणारच! श्रीकांत लांबच्या रस्त्याने गाडी घालायचा. नाना खिडकीबाहेर बघत बसायचे.

एका दुपारी भाजी घेऊन येताना रस्ता बंद होता. गाडी गिरणीसमोरून न्यावी लागली. सिग्नलला थांबलो.

"गिरणी आहे," नाना म्हणाले.

"बंद आहे, नाना," श्रीकांत घाईने म्हणाला.

"ते दिसतंय. आत सोडतात का?"

श्रीकांत माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "सोडतात."

तळमजल्यावर एक जुना माग नीट करून ठेवला होता. टुरिस्ट जमले की थोडा वेळ चालवून दाखवायचे. गाइडची हॅट घातलेली एक तरुण बाई माहिती सांगत होती. पाच-सहा माणसं उभी होती. नाना सगळ्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून.

तिने बटण दाबलं. काय तो आवाज! एकच माग, पण पायाखालची लाकडी जमीन थरथरायला लागली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. श्रीकांतनेही ठेवले. मीही.

मग मी नानांकडे बघितलं. त्यांचे हात मोकळे झाले होते. ते डावीकडे वळले होते आणि बोलत होते. आवाज येत नव्हता, पण ओठ मोठे मोठे हलत होते, मधूनच हाताने खूण, मधूनच मान. साच्यावरची माणसं त्या गोंगाटात शेजारच्या साच्यावरच्याशी अशीच बोलतात, हे श्रीकांतने मला एकदा सांगितलं होतं. डावीकडे कुणी नव्हतं. भिंतीपर्यंत रिकामी जमीन आणि तेलाचे जुने काळे डाग.

नाना थांबले. कान देऊन ऐकल्यासारखं केलं. मग मान मागे टाकून हसले. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं.

बाईने माग बंद केला. एकदम शांत झालं. लोक टाळ्या वाजवून पुढच्या खोलीकडे निघाले.

श्रीकांत नानांजवळ गेला. "काय म्हणालात, नाना? मला ऐकू नाही आलं."

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला.

"तुला नव्हतो सांगत," ते म्हणाले आणि दाराकडे चालायला लागले.