पॅडॉकमधला चार नंबर

बुधाजी परबाला घोडा कळतो, हे लालबागच्या त्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आता पुस्तक वाचून घोडा कळणारे पैशाला पासरी. महालक्ष्मीला दर रविवारी त्यांची जत्राच भरते. बुधाजीनं रेसचं पुस्तक कधी हातात धरलं नाही. रेसआधी पॅडॉकमध्ये घोडे फिरवून आणतात, तेव्हा हा कठड्याला टेकून गुपचूप बघत राहायचा. मागचा पाय पुढच्या पावलाच्या ठशापलीकडे पडतोय का, मांडीच्या आत घामाचा फेस आलाय का, बस्स. घोडा ठरला की खिशातून कापसाचे दोन बोळे काढायचा आणि कानांत कोंबायचा.

साच्यांच्या खडखडाटानं कान जाऊ नयेत म्हणून गिरणीतले विणकर कानांत कापूस घालत. बुधाजीही विणकरच. तोच कापूस तो रेसला न्यायचा. कारण तिथं जो तो दुसऱ्याच्या कानाला लागलेला. आतली खबर आहे! जॉकीच्या मेव्हण्यानं सांगितलंय! अरे, त्या बिचाऱ्या जॉकीनं लग्नं तरी किती केली? बुधाजीला यातलं काही ऐकूच यायचं नाही. सरळ खिडकीवर जायचं, पाचदहा रुपये लावायचे, आणि बरेचदा खिशात चार पैसे घालूनच घरी यायचं.

घरी बायको, गुणवंती. ती खाणावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले चौदा गिरणी कामगार तिच्या पंक्तीला जेवत. भिंतीशी पाच मोठाले पितळी टोप पालथे घातलेले असत, आणि त्यांना चिंच लावताना ती कुणाला हात लावू देत नसे.

मग संप झाला. दोन महिन्यांत चौदाच्या चौदा माणसं गावाला पळाली. सोनं आधीच गेलं होतं. वर्ष उलटलं, आणि खोलीचा मूळ भाडेकरू, बुधाजीचा लांबचा चुलता, दारात येऊन उभा राहिला. "गिऱ्हाईक आलंय. नात्यातला म्हणून तुला आधी विचारतो. पागडी भर नि खोली नावावर करून घे, नाहीतर महिनाअखेर रिकामी कर." नात्यातला म्हणे! मेल्याचं तोंड बघा.

 तिसऱ्या दिवशी गुणवंतीनं पाचही टोप मोडीत घातले आणि चारशे रुपये बुधाजीच्या हातावर ठेवले.

"चारशेत खोली येत नाही," ती म्हणाली. "पण तुमचा डोळा मला माहीत आहे. जो घोडा तुम्हांला बरा वाटेल, तोच लावा."

 बुधाजीला नाही म्हणवेना.

त्या रविवारी तो पॅडॉकशी उभा राहिला आणि चार नंबर बघताक्षणी त्याला कळलं. काळसर, बारका, कुणाच्या खिजगणतीत नसलेला घोडा. पण चाल अशी की बघत राहावं. अंग कोरडं ठणठणीत. बुधाजीनं खिशात हात घातला. कापूस नव्हता. गिरणी वर्षभर बंद, तर कापूस कुठला असणार? चार आण्यांचा कापूस दुकानातून विकत घ्यावा, हे काही त्या शहाण्याला सुचलं नाही! गिरणीत असेतोवर त्याला कापूस विकत घ्यावा लागलाच नव्हता.

कान उघडे, आणि शेजारी जयवंत. त्याच्याच खात्यातला, संपात बरोबरचा.

"बुध्या, सात नंबर. पक्की खबर आहे."

"मला चार वाटतोय."

"चार? बोर्ड बघ जरा. दहाला एकशे दहा देतायत. म्हणजे कुत्रं विचारत नाहीये त्याला. सगळी पब्लिक येडी, आणि तू एकटा शहाणा?"

एरवी पाच रुपये असते तर बुधाजी हसून निघून गेला असता. आज त्याच्या मुठीत पाच टोप होते. एवढ्या लोकांना जे दिसत नाही, ते मलाच कसं दिसतं?  खिडकीवर पोचेपर्यंत तोंडातून 'सात' निघून गेलं.

चार नंबर दोन घोड्यांच्या अंतरानं पहिला आला. सात पाचवा.

घरी येऊन तो उंबऱ्यातच बसला. म्हणाला, "सात लावला. डोळा चुकला गो."

गुणवंती रडली नाही. पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाली, "माणसाचाच डोळा तो. चुकायचाच कधीतरी." आणि हा भला माणूस ते पाणी प्यायला!

खोली गेली. गुणवंती कुडाळकडे भावाच्या घरी राहायला गेली, बुधाजी माटुंग्याच्या एका सोसायटीत वॉचमन झाला. गिरणीनं काही त्याला परत घेतलं नाही. सहा वर्षं तो चतुर्थीपुरता गावी जायचा. भावजय उठताबसता टोमणे मारायची, की जुगाऱ्याच्या मागे लागून टोप घालवले. गुणवंती तिला तिथल्या तिथं गप्प करायची. "माझ्या घोवाचा डोळा आयुष्यात एकदा चुकला. तुझ्या घोवाला डोळा आहे तरी का?" बुधाजी हे ऐकायचा आणि मान खाली घालून भात कालवायचा.

सातव्या वर्षी जयवंत गणपतीला त्यांच्याकडे आला. पडवीत चहा घेताना त्याला जुन्या गोष्टींचा उमाळा आला.

"वहिनी, याचा डोळा म्हणजे काय सांगू! त्या दिवशी चारच म्हणत होता हो. मीच गाढव, सात सात करून याला फिरवला."

गुणवंतीच्या हातात चकल्यांचं ताट होतं. ते तिनं जयवंतापुढे नीट ठेवलं, त्याला अजून चहा हवा का विचारलं. तो गेल्यावर ती बुधाजीजवळ आली.

"चार दिसला होता तुम्हांला?"

तो रिकाम्या कपबश्या गोळा करायला लागला.

"हरला असता तुमचा चार, तर मी जन्मभर तुमच्या बाजूनं भांडले असते. सहा वर्षं भांडलेच की." तिचा आवाज चढला नव्हता. "मी टोप तुमच्या डोळ्यावर लावले होते. तुमचाच त्याच्यावर भरवसा नव्हता, तर मला तसं तेव्हाच सांगायचं होतं."

सकाळी तिनं त्याची पिशवी भरून दारात ठेवली. विसर्जनाला अजून तीन दिवस होते.