येताना तीन टॉप आणा

जाहीर नोटीस. तमाम लोकांस या नोटिशीने कळविण्यात येते की, मौजे पनवेल, तालुका पनवेल, जिल्हा रायगड येथे राहणारी, वय वर्षे एकोणपन्नास, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची नियमित विद्यार्थिनी, म्हणजे मी, सध्या रागात आहे. सदर राग माझ्या स्वतःच्या कब्जेवहिवाटीतला असून तो आजवर कोणाकडेही गहाण, दान अथवा बक्षीस दिलेला नाही. या रागावर कोणाचा हक्क, हितसंबंध वा हरकत असल्यास त्याने चौदा दिवसांच्या आत लेखी कळवावे.

चौदा दिवस गप्प बसणं मला जमणार नाही. म्हणून आताच बोलते.

दोन्ही मुलं शिकून बाहेर पडली आणि मी कॉलेजात नाव घातलं. नवरा म्हणाला, "घरी बसून परीक्षा देता येते की." म्हटलं, घरी बसून सगळ्या परीक्षा देऊन झाल्या, आता कॅन्टीनमध्ये बसायचंय. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, नवीन मॅडम आल्या. मी दोन मिनिटं ती मजा घेतली, फळ्यावर तारीखसुद्धा लिहिली, मग शांतपणे जाऊन तिसऱ्या बाकावर बसले. तेव्हापासून मी अख्ख्या कॉलेजची काकू झाले. सरांची मात्र पंचाईत व्हायची. आमच्या सांस्कृतिक विभागाचे प्रमुख माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे, आणि दोघांनाही आपण चूक करतोय असं वाटायचं.

हे सर माणूस म्हणून वाईट नाहीत. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मला ते आठवणार नाही.

दिवाळीनंतर कॉलेजात बातमी आली की फेब्रुवारीत बाहेरून समिती येणार, कॉलेज तपासणार आणि दर्जा ठरवणार. समितीला पुरावे लागतात. वर्षभरात काय काय उपक्रम केले, त्याचे फोटो. फोटोही साधा चालत नाही. खाली जागेचा नकाशा, तारीख आणि वेळ छापून येणारं एक ॲप असतं, त्यातलाच फोटो लागतो. सरांनी हिशोब केला तेव्हा कळलं की वर्षभरात करायचे बरेचसे उपक्रम वर्षभरात करायचे राहून गेलेत. मग आमच्या ग्रुपवर संदेश आला: "उद्या सकाळी आठ वाजता हॉलमध्ये जमणे. उपस्थिती अनिवार्य. येताना तीन टॉप आणा."

मला वाटलं, पूरग्रस्तांना कपडे द्यायचे असतील. मी नवऱ्याचे दोन शर्टही घेतले.

तसं काही नव्हतं. पहिल्या टॉपवर आम्ही योगासनं केली. म्हणजे हात वर केले, फोटो निघाला, हात खाली केले. पोरी पडद्यामागे पळाल्या, दुसरे टॉप घालून आल्या. तोवर मागचा बॅनर बदलला होता. आता रक्तदान जागृती. मग तिसरा टॉप, हातात एकेक पुस्तक, वाचन सप्ताह. मधल्या वेळात सर मोबाईलची तारीख मागे-पुढे करत होते. साडेनऊला आमचे तीन महिने संपले.

खरं सांगते, त्या दिवशी मला भारी मजा आली. मी तर दुसऱ्या दिवशी घरातल्या सात ओढण्या घेऊन गेले आणि वाटल्या. एक टॉप, दोन ओढण्या, दोन उपक्रम! सर म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखे स्टुडंट हवेत." मी फुलले. वृक्षारोपणाच्या दिवशी कडुनिंबाचं एकच रोप आम्ही तीन ठिकाणी लावलं: गेटजवळ, मैदानात आणि मागे टाकीपाशी. संध्याकाळपर्यंत त्याने मान टाकली. बेलपाड्याचा एक पोरगा आमच्या वर्गात आहे, जिभेने तिखट. तो म्हणाला, "काकू, एवढा प्रवास माणसाला झेपत नाय, ते तर झाड हाय." मी पोट धरून हसले. तेव्हाच हसणं थांबवायला हवं होतं.

आता नाटकाचं सांगते.

आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला गव्हाणची एक मुलगी होती. होती म्हणजे अजून आहे, पण मे महिन्यानंतर नसेल. घरात ठरलेलं होतं की पदवी झाली की कंटेनर यार्डात नोकरी धरायची, तिथे तिच्या मामाने शब्द टाकून ठेवलाय. तिने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एक एकांकिका लिहिली होती. मिठागरात जन्म घालवलेला एक म्हातारा. मिठागर विकलं गेलं, तिथे उंच इमारत उभी राहिली, पण म्हातारा रोज पहाटे मीठ ओढायची लांब दांड्याची फळी खांद्यावर टाकून तिथे जातो आणि गेटवरच्या वॉचमनला सांगतो, "माझ्या कोंड्यात पाणी सोडायचं हाय, बाजूला हो." कोंडा म्हणजे मीठ पिकवायचा वाफा. एवढंच नाटक. चाळीस मिनिटं म्हातारा आणि वॉचमन भांडतात, आणि शेवटी वॉचमन त्याला पार्किंगमध्ये आत घेतो. म्हाताऱ्याचं काम तिने स्वतःच घेतलं होतं. वॉचमन तो बेलपाड्याचा. आणि म्हाताऱ्याला घरी न्यायला येणारी बायको मी. स्पर्धेच्या नियमांत वयाची अट नव्हती. मी ते तीनदा वाचलं होतं.

ही पोरगी वर्गात तोंड उघडत नाही. काही विचारलं तर वहीकडे बघून उत्तर देते. पण फळी खांद्यावर टाकली की तिची पाठ वाकायची, गुडघे बाहेर यायचे, आणि अंगावर काटा यायचा. मी एकदा विचारलं, "कोणाचं बघून उचललंस गं?"

"आज्याचं. तो असाच चालायचा. मिठाने पाय फुटलेले व्हते ना, काकू."

"त्यांना दाखवलंस?"

"तो नाय आता. पन बा येनार हाय. आख्खी आळी येनार हाय. बा बोलला, एकदा बघतो तू कॉलेजात काय करतेस ते."

प्राथमिक फेरी पनवेलच्याच नाट्यगृहात, एका रविवारी होती. तिच्या बाने टेम्पो सांगितला, गव्हाणहून माणसं आणायला. बाने आजवर एकही नाटक बघितलेलं नव्हतं, आणि लेकीचं दुसरं नाटक होणारही नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आम्ही जीव तोडून तालीम करत होतो. हॉल फोटोंनी अडवलेला, तेव्हा सायकल स्टँडच्या मागे. तिथे स्कूटरवाले हॉर्न मारायचे, आणि आमचा वॉचमन भूमिकेतून बाहेर न येता त्यांना शिट्टी मारून पार्किंग दाखवायचा.

स्पर्धेच्या अर्जावर प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो, आणि तो कॉलेजकडूनच संगणकावर पाठवावा लागतो. अर्ज मी स्वतः भरून सरांच्या हातात दिला होता. दर दोन दिवसांनी विचारायचे.

"सर, अर्ज?"

"होऊन जाईल मॅडम."

"सर, शुक्रवार शेवटची तारीख आहे."

"मॅडम, मी आहे ना."

गुरुवारी सरांनी आम्हाला पूर्ण वेशात बोलावलं. आम्हाला वाटलं, रंगीत तालीम. हॉलमध्ये नवाकोरा बॅनर: 'आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत सहभाग'. मी नऊवारीत, पोरगी धोतर-मुंडाशात, हाताशी फळी. सर म्हणाले, "हातात काहीतरी हवं." कपाटातून कॅरमचा जुना चषक आला आणि पोरीच्या हातात गेला. "बोटं इथे ठेव, अक्षरं झाकली पाहिजेत." ती कुजबुजली, "सर, आजून तं स्पर्धा व्हायची हाय." सर म्हणाले, "ॲडव्हान्समध्ये घेऊन ठेवतो, नंतर धावपळ नको. मॅडम, स्माईल!"

आणि मी हसले. सगळ्यात जास्त दात त्या फोटोत माझे दिसतात.

शनिवारी सकाळी आमचा क्रमांक कितवा आहे हे विचारायला मी आयोजकांना फोन केला. पलीकडच्या मुलाने यादी दोनदा वाचली. "काकू, तुमच्या कॉलेजचं नाव नाहीये."

"नीट बघ बाळा."

"नीटच बघतोय. अर्जच आलेला नाही."

मी नऊवारी इस्त्री करायला घेतली होती. ती तशीच टाकून, घरातल्या गाउनवर ओढणी घेऊन मी रिक्षाने कॉलेजात गेले. सरांनी खण उघडला. अर्ज तिथेच होता. सही होती. शिक्का होता. शिक्क्याची शाई वाळून आठवडा झाला असेल. फक्त पाठवायचा राहिला होता. मी विचारलं, "आणि परवाचा फोटो?"

"तो त्याच दिवशी अपलोड केला, मॅडम. अगदी संध्याकाळीच." हे त्यांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की मला क्षणभर शाबास म्हणावंसं वाटलं. मग ते म्हणाले, "मॅडम, डॉक्युमेंटेशन झालंय ना. टेन्शन नका घेऊ. सहभागाचं सर्टिफिकेट मी सगळ्यांना देतो."

मी ओरडले. मजल्यावरचे तीन वर्ग बाहेर आले, एवढी ओरडले. त्या सगळ्यांना आयुष्यात कधी नव्हे तो माझा संवाद शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. सर म्हणत राहिले, "मॅडम, तुम्ही सीनियर आहात, समजून घ्या." मी म्हटलं, "सीनियर आहे म्हणून हातात अर्ज आहे, नाहीतर चप्पल असती." प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "समिती येऊन जाऊ दे, मग बघू."

पोरीला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "टेम्पोवाल्याला नाय सांगते." आणि मग, "बाला काय सांगू, काकू?" सोमवारी कळलं की बाने काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाला, "वाटलंच व्हतं. आपल्याला कोन चढवतंय टेजवर." मला सगळ्यात जास्त राग आला तो या वाक्याचा. त्या माणसाचा नव्हे. त्याला हे आधीपासून वाटत होतं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, मी दात काढून, ते खरं करून दाखवलं.

फेब्रुवारीत समिती आली. सरांनी फोटोंचं प्रदर्शन मांडलं होतं, आणि आम्हाला वेशात फोटोशेजारी उभं केलं होतं. आदल्या दिवशी शिकवणी झाली: "काही विचारलं तर म्हणायचं, खूप शिकायला मिळालं. बाकी मी बोलतो." बेलपाड्याचा वॉचमन म्हणाला, "मी नाय उभा राहनार," आणि खरंच कॅन्टीनमध्ये जाऊन बसला. पोरीच्या अंतर्गत गुणांची वही सरांकडे होती, तिला उभं राहणं भाग होतं. आणि मी उभी राहिले, कारण मी ठरवलं होतं की आज मी बोलणार. रात्री आरशासमोर भाषण पाठ केलं होतं. सुरुवात 'सन्माननीय समिती सदस्यहो' अशी होती. मध्ये दोन ठिकाणी थांबून नजर फिरवायची होती.

समितीत एक पिकल्या केसांच्या प्राध्यापक बाई होत्या. बाकीचे दोघे चालत पुढे गेले, त्या थांबल्या. आधी योगासनांच्या फोटोकडे, मग वाचन सप्ताहाकडे, मग माझ्याकडे बघून त्या गोड हसल्या. "तुम्हीसुद्धा विद्यार्थिनी? वा! कौतुक आहे."

माझे हात आपोआप जोडले गेले. "थँक्यू मॅडम," मी म्हटलं. सन्माननीय वगैरे सगळं नऊवारीच्या निऱ्यांत कुठेतरी अडकलं.

सर पुढे झाले. "मॅडम, ही आमची ड्रामा टीम. स्पर्धेत खूप छान परफॉर्मन्स झाला."

बाई पोरीकडे वळल्या. तिच्या खांद्यावर फळी, चिकटवलेल्या मिशा जरा सुटलेल्या. त्यांनी अगदी मनापासून, एखाद्या आत्याने विचारावं तसं विचारलं, "म्हाताऱ्याचं काम तू केलंस? मला सांग ना, स्पर्धेत लोकांनी कसं घेतलं तुमचं नाटक?"

पोरीने आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. तिने फळी खांद्यावरून काढून जमिनीवर टेकवली आणि पुढच्या दोन्ही समिती सदस्यांनी मागे वळून बघावं अशा, आज्याच्या भरड्या आवाजात ओरडली:

"स्पर्धेला कोन गेलाय, मॅडम? आमी नुसते फोटोला गेलतो!"