फोटो आणायला पोरगी पाठवा

जालन्याच्या त्या दैनिकाच्या कार्यालयात इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट कळली. मेलेल्या माणसाचा फोटो आणायला पोरगी पाठवतात. पोरांना लोक दारातूनच वाटेला लावतात. पोरीला घरात घेतात, पाणी देतात, आतल्या बाया तिच्याशी बोलतात. आमचे उपसंपादक हे टायपिंग शिकवल्यासारखं सहज सांगायचे. ‘तू नुस्ती बसून राह्य,’ ते म्हणायचे, ‘फोटो आपोआप निघतो.’

मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होते. दोन महिने काम करायचं, छापून आलेल्या दहा बातम्यांची कात्रणं फाइलमध्ये चिकटवायची आणि शेवटी कार्यालयाचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र जोडायचं. महिना उलटला तरी माझी सातच कात्रणं झाली होती, त्यातली चार राजूरच्या गणपतीच्या गर्दीची. एकाही बातमीवर माझं नाव नव्हतं. नाव छापून यावं म्हणून मी वाटेल ते केलं असतं. केलंही.

त्या दुपारी वाटूर फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानात ट्रकच्या टायरात हवा भरताना टायर फुटला. लोखंडी रिंग उडून दुकानदाराच्या छातीत बसली. जालन्याच्या दवाखान्यात आणेपर्यंत तो गेला होता. मी पोचले तेव्हा त्याचा धाकटा भाऊ व्हरांड्यात उकिडवा बसला होता. त्याच्याकडून मी नाव, गाव, वय, मागे कोण कोण, सगळं लिहून घेतलं. त्यानंही बिचाऱ्यानं मास्तरांनी विचारल्यासारखी उत्तरं दिली. शेवटी म्हणाला, ‘वहिनीला सांगितलं न्हाई आजून. सिरीयस हाय, ॲडमिट केलंय, एवढंच म्हणलो. पोस्टमार्टम सकाळी व्हणार. बॉडी घेऊनच जाऊ, मंग सांगू.’

यात मला काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याकडे असंच करतात. माझे काका गेले तेव्हा आमचं अख्खं घर काकूसमोर ‘सलाईन चालू हाय’ म्हणत बसलं होतं. माणूस दारात येईपर्यंत त्याच्या बाईला सांगायचं नाही. तेवढीच तिला एक रात्र मिळते.

भावाच्या मोबाइलमध्ये जेवढे फोटो होते, ते सगळे गॉगल लावलेले. उपसंपादकांना फोन केला तर ते म्हणाले, ‘गॉगल बिलकुल चालत न्हाई. तुझं गाव तिकडंच हाय ना? जाता जाता घरून फोटो घे. आठच्या आत पाठवलास तर बातमी तुझ्या नावानं लावतो.’

मी बस पकडली.

घर फाट्यापासून थोडं आत होतं. दिवेलागण झाली होती. शेजारच्या दोन बाया ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या तोंडाकडे पाहूनच समजलं, की यांना माहीत आहे. मला बघून दोघी उठून गेल्या. त्याची बायको एकटी दारात उभी होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल.

‘दवाखान्यातून आलात का?’ तिनं विचारलं.

‘हो,’ मी म्हणाले. इथपर्यंत ते खरं होतं.

‘कसे हायेत ते? बोलून राह्यलेत का?’

‘बोलून राह्यलेत, वहिनी. योजनेचा फॉर्म भरायचाय, म्हंजी खर्चा लागणार न्हाई. त्याला फोटो लागतो.’

किती सफाईनं बोलले मी! गावानं शिकवलेलं खोटं आणि कार्यालयानं शिकवलेलं खोटं एकात एक बसलं, आणि मला तर वाटलं की मी तिच्यावर उपकारच करते आहे.

आधारकार्डावरचा फोटो पुसट होता. मग तिनं लग्नातला काढला. तो खुर्चीवर बसलेला, ती शेजारी उभी, तिचा हात त्याच्या खांद्यावर. तिनं पदरानं काच पुसली, उजेडात धरली. ‘ह्यात बराबर दिसतेत,’ म्हणाली. मी मोबाइलवर फोटो काढला, त्यातून तिला कापलं आणि तिच्यासमोरच पाठवून दिला. आठ वाजायला अजून वेळ होता.

‘बोलून राह्यलेत म्हणलात, मंग जिवात जीव आला,’ ती म्हणाली. ‘दुपारपासून पाणी बी उतरलं न्हाई.’ तिनं चूल पेटवली. भाकरी थापल्या, वांग्याची भाजी गरम केली, माझ्यासमोर ताट ठेवलं. मी नको म्हणाले, पण नेटानं म्हणाले नाही. मलाही भूक लागली होती. ती पोटभर जेवली. मीही जेवले. निघताना तिनं माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. ‘तुम्ही सकाळी जाणारच ना जालन्याला? त्यांना द्या. दवाखान्याचं त्यांना जात न्हाई.’

मी डबा घेतला.

घरी आईनं विचारलं, डबा कुणाचा. मी सांगितलं. तिनं डबा उघडला. मग भाकरी गोठ्यात घेऊन गेली आणि जाताना मला म्हणाली, ‘आंघोळ कर आधी.’

सकाळी दुकानदाराच्या भावाचा फोन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, आमी आजून दवाखान्यातच हाओत. वहिनीनं पेपरात पाह्यलं.’

पहिल्या गाडीनं पेपर फाट्यावर उतरतात. चहाच्या हॉटेलातून कुणीतरी तो घरी नेला होता. बॉडीच्या आधी पेपर पोचतो, हे मला सुचलंच नव्हतं, आणि मी तर पेपरचंच शिक्षण घेत होते. तिला वाचता येत नव्हतं. पण फोटो मी घाईत कापला होता. त्याच्या खांद्यावर तिची चार बोटं तशीच राहिली होती, अंगठीसकट. खाली बातमी होती आणि वर माझं नाव.

ते माझं आठवं कात्रण. पुढे कॉलेजच्या तोंडी परीक्षेत सरांनी त्याच पानावर बोट ठेवून, बातमीत माणुसकीचा ओलावा आहे, असं म्हटलं. मी ‘थँक्यू सर’ म्हणाले. त्या थँक्यूची मला अजून लाज वाटते.

तेराव्यानंतर मी डबा परत द्यायला गेले. तीन वेळा घासला होता. ती ओट्यावर बसली होती, कपाळ मोकळं. तिनं मला लगेच ओळखलं, बस म्हणाली नाही.

‘तुम्ही आल्त्या तवा ते गेल्ते ना?’

‘हो.’

‘मला ठावं नव्हतं, मी जेवले,’ ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, ‘तुम्हाला ठावं हुतं. तरी जेवलात.’

तिनं माझ्या हातातून डबा घेतला, झाकण काढून आत पाहिलं, आणि न्हाणीपाशी खरकट्या भांड्यांत घासायला टाकला.